सनद

रुवीच्या बसथांब्यामागे, घड्याळवाला आणि मनी एक्स्चेंज
यांच्यामधल्या फटीत आमचं सनद ऑफिस.
सनद हा शब्द दाभोळच्या शाळेत इतिहासाच्या पुस्तकात होता.
राजे द्यायचे.
इथे दीड रियालला मिळते, झेरॉक्सचे वेगळे.

एकतीस वर्षं लोकांची नावं अरबीत बसवतोय.
अरबीत प नाही. ट नाही. ळ तर विचारूच नका.
गोपाळ येतो, गोबाल होऊन जातो.
पाटील बातील होतात, आणि सही करताना जरा थबकतात,
पंगतीतून उठल्यावर
दुसऱ्याची चप्पल पायात आल्यासारखे.
माझ्या चौगुल्यांचा च पहिल्याच महिन्यात गेला.
मिया त्याच्याही आधी, पासपोर्टच्या एजंटाने खोडला:
इसाकमिया फार लांब होतं म्हणे.
आयला सांगितलं नाही.
ती शेवटपर्यंत फोनवर पुरं नाव घ्यायची,
मिनिटाला किती पैसे पडतात ते माहीत असून.

हल्लीची पोरं तयारीने येतात. मोबाइलात यादी.
प नको, ट नको, जोडाक्षर नको,
विमानतळावर कुणाची जीभ अडखळायला नको.
मग उरतं काय? कियान, रेयान, विहान, अयान.
एका आठवड्यात चार कियान केले,
लातूरचा, कराचीचा, कोट्टायमचा,
चौथ्याचा बाप काही बोललाच नाही, नुसता हसत होता.
आडनाव येईपर्यंत कोण कुणाचा कळत नाही.
हे मला बरं वाटतं. कधी कधी नाही वाटत.

मंगळवारी निझवाच्या झुवैनाबाई आल्या, नातीचा कागद घेऊन.
नातीचं नाव लमार.
“आमच्यात कधी कुणी लमार नव्हती,” म्हणाल्या,
“सुनेला विचारलं, अर्थ काय? म्हणे, कानाला छान लागतं.”
मी म्हटलं, माझी नात इनाया.
त्यांनी पर्समधून खजूर काढून टेबलावर ठेवले, दोन.
एकमेकांचं सांत्वन करावं तसे आम्ही ते खाल्ले.

आणि परवा तो पोरगा. सुमेध. सोहारच्या बंदरात क्रेनवर.
मुलगा झालेला, अकरा दिवसांचा.
नाव अद्विक. द आणि व वर मी थोडा अडलो, पण बसवलं.
इथला फॉर्म नुसत्या बापावर भागत नाही.
बाळ, बाप, आजा, पणजा, मग आडनाव, एका ओळीत,
पुढच्याच्या खांद्यावर हात ठेवून उभे असल्यासारखे.
आजा? सिद्धार्थ.
पणजा?
त्याने मागच्या रांगेकडे पाहिलं.
मग इतक्या हळू बोलला की मला कान पुढे न्यावा लागला.
कचरू.

मी काही बोललो नाही. आमच्या गल्लीतही होते,
धोंडू, भिकू, केरू.
आधीची तीन गेलेली असायची,
मग चौथ्याला उकिरड्यावर लोळवून आणायचे,
नाव असं ठेवायचे की मरणाला उचलावंसं वाटू नये.
च चा श केला. काफ, शीन, रे, वाव.
कश्रू.
पडद्यावर ते इतकं स्वच्छ दिसलं,
जणू एखाद्या जुन्या कबिल्यातलं.

शिक्का मारणारा सालिम वाचून म्हणाला, वा, कश्रू!
म्हणजे काय होतं तुमच्यात?
सुमेध माझ्याकडे बघायला लागला.
मी म्हटलं, म्हणजे जगला.
सालिम म्हणाला, आमच्यात याह्या तसंच.
आणि शिक्का मारला, जरा तिरका.

रात्री शटर ओढण्याआधी
प्रिंटरची शाई तपासायला काहीतरी टाइप करावं लागतं.
आलिफ, सीन, हे, आलिफ, काफ, मीम, ये, आलिफ.
लांबी काही फार नाही. एका ओळीत मावतं.
मग त्याच कागदाच्या पाठीवर
उद्याच्या टोकनांचे आकडे घातले.